सरदाराच्या चार मुली

जुन्नरच्या तहसील कचेरीबाहेर एक टायपिस्ट मराठी आणि इंग्रजी असे दोन टाइपरायटर घेऊन बसायचा. प्रत्येक नाव आधी मोठ्यानं म्हणायचा, मगच टाइप करायचा.

पुण्याहून मला स्कॉटलंडच्या सहाशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराची वंशावळ जुळवायचं काम मिळालं होतं. मी क्रमवार यादी करून त्याच्याकडे नेली. वाचता वाचता तो थांबला.

"पावणं, याच्या चार पोरी बी लिवल्यात की तुमी!"

"त्यातल्या दोघींची नावं शोधायला महिना गेला," मी ऐटीत म्हणालो.

"लई मेहनत घेतली राव."

मग त्यानं दुसरा कागद काढला. वडिलांच्या जमिनीच्या वारसनोंदीसाठी त्याच्याकडूनच टाइप करून घेतलेली, पण न्यायची राहिलेली ती आमच्या घरची वंशावळ होती. त्यात आम्ही दोन भाऊच होतो. राजुरीला दिलेल्या ताईचं नाव मी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे बहुतेक जण असंच करतात. पण तोही राजुरीचा, ताईच्या आळीतला.

"भाऊ, ह्यो परत टाइप करू का? पैसं नगं."

"नको, सरदाराचाच करा," मी म्हणालो.

त्यानं चारही मुली बिनचूक उतरवल्या. आमचा कागद मी त्याच दुपारी तलाठ्याला दिला. ताई अजून दर भाऊबीजेला ओवाळते. तिला ठाऊक आहे की नाही, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.