बॅटरीवरचा अंगारा

गाडी समोर उभी असली तरी मिस्त्री आधी तिच्या मालकाला तपासायचे. अकोल्याला जठारपेठेत टिनाच्या शेडखाली त्यांचं गाड्या दुरुस्तीचं काम चाले. तिथे एक लाकडी स्टूल होतं. त्यावर आपण बसायचं आणि मिस्त्री दोन्ही हात पाठीमागे बांधून समोर उभे राहायचे. कुणी बॉनेट उघडायची घाई केली की म्हणत, "ठैरा साहेब. गाडी बोलत नाई. तुमीच बोला."

मी तेव्हा बार्शीटाकळीला नवा डॉक्टर होतो. साठ सालानंतरची गोष्ट. घराणं अमरावतीचं, भिक्षुकीचं. घरातला पहिला डॉक्टर मीच, आणि जुनीपुराणी का होईना, पहिली मोटारही माझीच. अवघड पेशंट मी त्या गाडीत घालून अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचो. गाडी दहा वेळा मुकाट सुरू व्हायची आणि अकराव्या वेळी सेल्फचं बटण दाबलं की नुसतं टक्. पुढे काही नाही.

एकदा मागच्या सीटवर अडलेली बाई होती. सासूने तिचं डोकं मांडीवर घेतलेलं. मी सेल्फ दाबला. टक्. हँडल मारून मारून माझे तळहात सोलले, बाईचं ओरडणं हळूहळू कण्हण्यावर आलं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा सेल्फ दाबला तेव्हा गाडी मुकाट सुरू झाली. बाई वाचली. मूल गेलं. सासू मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्या बटणावर बोट ठेवायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम फुटायचा.

दोन गॅरेजवाल्यांनी गाडी पाहिली. त्यांच्यासमोर ती शहाण्यासारखी वागली. शेवटी मी मिस्त्रींच्या स्टुलावर जाऊन बसलो.

"कवा बंद पडते?" त्यांनी विचारलं.

मी चाचरत म्हणालो, "पेशंट गंभीर असला की."

ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. "मांगच्या सीटवर कोन बसलं, हे गाडीले का माहीत? तवा तुमी काय येगळं करता, ते सांगा."

"काही नाही," मी म्हणालो.

मी धडधडीत खोटं बोललो. पेशंट माझ्याशी असं बोलले की मी त्यांच्यावर खेकसायचो. आणि इथे मी, डॉक्टर, मिस्त्रींच्या नजरेला नजर देत नव्हतो.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ते बार्शीटाकळीला आले आणि दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसले. "म्या पाहून राहिलो. तुमी तुमचं काम करा." पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी साप चावलेली एक मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची असेल. पापण्या मिटायला लागल्या होत्या. बापाने तिला मागच्या सीटवर ठेवलं आणि मी, मिस्त्री बसले आहेत हे साफ विसरून, बॉनेट उघडलं, खिशातली पुडी काढली आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर देवीचा अंगारा दाबून दाबून लावला.

ती पुडी आईने अमरावतीहून पाठवली होती, त्या बाळंतिणीची हकिगत कळल्यावर. तेव्हापासून अवघड पेशंट आला की माझं हेच चाले. वैद्यकाची पुस्तकं वाचलेला माणूस मी, कुणाला सांगणार?

सेल्फ दाबला. टक्.

मी पुन्हा दाबला. तेच. मुलीचा बाप खिडकीतून माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी बॅटरीच्या टोकावरची तारेची पकड उपसली, चाकूने आतली राख खरवडली, पकड परत ठोकून बसवली आणि म्हणाले, "दाबा." गाडी सुरू झाली. ते माझ्या शेजारी बसून अकोल्यापर्यंत आले. मुलगी वाचली.

परतताना मीच विषय काढला. ते म्हणाले, "पयली खोड ढिल्या पकडीची. बाकीची तुमच्या अंगाऱ्याची. राख पकडीत शिरते, अन् राखेतून करंट जात नाई. जितलं तुमी भेले तितलं दाबून लावलं, अन् तितली गाडी बंद पडली."

मान वर करायची सोय राहिली नाही. त्यांनी हात पुढे केला. "पुडी द्या माह्यापाशी. आमी छप्पन सालात देव सोडले, डाक्टर. पन तुमचा देव नालीत फेकनं मले जमनार नाई. माह्या पान्यांच्या डब्यात ठेवतो."

त्यानंतर सात-आठ वर्षं गाडी एकदाही अडली नाही. मी मात्र जठारपेठेत जातच राहिलो. कधी ऑइल बदलायला, कधी उगीच. स्टुलावर बसून त्यांना सगळं सांगायचो. त्यांना मात्र मी कधी काही विचारलं नाही.

एका उन्हाळ्यात गेलो तर स्टुलावर मिस्त्रीच बसलेले. अंग घामाने निथळत होतं आणि डाव्या हाताची मूठ छातीवर. "गरमी हाये," म्हणाले. मी नाडी पाहिली.

"कधीपासून आहे हे?"

"आजच."

"मिस्त्री."

त्यांनी खाली पाहिलं. "झाले सा मयने."

"आणि मला सांगितलं नाही?"

"भेव वाटे. तुमी तपासलं असतं तर मंग काय हाय ते सांगितलंही असतं."

मला त्यांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथेच थिजलं. इतक्या वर्षांनी तोच घाम. मागून बारीक आवाज आला, "डाक्टर, पुडी डब्यात हाये. दाबा आता."

गाडी पहिल्या दमात सुरू झाली. अकोल्याच्याच दवाखान्यात दहा मिनिटांत पोचलो. मिस्त्री तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. सहा महिने आधी कळलं असतं तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

महिन्याभराने त्यांच्या बायकोने पुडी आणून दिली. पिवळ्या फडक्यात नीट गुंडाळलेली. "डाक्टरची हाये, फेकू नको, म्हनत होते," ती म्हणाली.

गाडी मी पुढे विकून टाकली. पुडी टेबलाच्या खणात आहे. माझ्या तपासणीच्या खोलीत आता एक लाकडी स्टूल आहे. पेशंटला त्यावर बसवतो, नाडी नंतर पाहतो. आधी विचारतो, "भेव कायचं वाटून राहिलं, ते सांगा."