टिक हटवणारे भाऊ

‘भैया, पहले टिक हटाओ, फिर पैसे भरो.’ फोन कानाला लावून, उजव्या हाताच्या बोटानं हवेत काहीतरी पुसल्यासारखं करत हे वाक्य म्हणणारे जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यातले भाऊ, माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण त्यांचं. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. पण प्रोग्राम लिहायला मला कॉलेजनं नाही, भाऊंनी शिकवलं. आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, फी न घेता.

तरी खरं सांगतो, जबलपुरात मी सगळ्यात जास्त कोणावर जळलो असेन, तर त्यांच्यावरच.

आम्ही दोघंही शाळांचं वेळापत्रक लावणारे प्रोग्राम विकायचो, इंटरनेटवरच्या एकाच दुकानातून. त्या दुकानानं पैसे भरायच्या शेवटच्या पानावर ‘डाउनलोड सुरक्षा’ नावाची एक चौकट आणली. फाइल हरवली तर पुन्हा उतरवता यावी, म्हणून वेगळे पैसे. नको असेल तर घेऊ नका. पण टिक आधीच लावलेली. त्यातला पैसाही आम्हाला मिळत नसे. हरवलेली फाइल तर आम्ही फुकटच पाठवत होतो. गिऱ्हाइकाला मात्र दिसे एवढंच की सांगितली एक किंमत, मागताहेत दुसरी. पान बंद.

मी माझ्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत सूचना टाकली. ती कुणी वाचली नाही. भाऊंनी वेगळंच केलं. ‘घ्यायच्या वेळी मला फोन लावा,’ असं प्रत्येकाला सांगून ठेवलं, आणि फोन आला की पैसे भरून होईपर्यंत ते ठेवायचेच नाहीत.

‘पोळी थंडी होऊन राहिली,’ वहिनी मला म्हणायच्या, ‘अन् हे कटनीवाल्याची टिक हटवून राहिले!’

मी हसायचो. आतून जळायचो. कारण माझा प्रोग्राम त्यांच्याहून चांगला होता. दोन वर्गांवर एकच मास्तर पडला तर तो आपोआप सांगायचा. भाऊंचा सांगत नसे.

मग बरगीकडची माझी शाळा आली. जिथे मी पाढे शिकलो, ती. हेडमास्तरांनी माझा प्रोग्राम पाहिला, वाहवा केली. मी बाबांना सांगूनही टाकलं की शाळेच्या भिंतीवर आता माझं वेळापत्रक लागणार. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा फोन. ‘बेटा, तुमने तो दाम कुछ और बताया था!’ मी चौकटीचं समजावू लागलो, तोवर कळलं, त्यांनी भाऊंचा प्रोग्राम घेतलासुद्धा.

मी तडक गोरखपूर गाठलं.

‘भाऊ, ती माझी शाळा होती!’

‘मालूम आहे. मी त्यांना म्हटलं, पोराचा माझ्याहून चांगला आहे, तोच घ्या. ते म्हणाले, होगा, पर पैसे भरते समय साथ में तो आप थे.’ मग माझ्याकडे पाहून, ‘तू फोन काहून नाही केला बाबू?’

‘प्रोग्रामही मीच लिहायचा, अन् गिऱ्हाइकाचं बोटही मीच धरायचं?’

‘अच्छा. मग कोण धरीन?’

मला वाटलं, भांडले असते तर बरं झालं असतं.

पुढं भाऊंना ऐकू येईनासं झालं. फोन सुटला, क्लास बंद झाला, मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना आपल्या सगळ्या शाळांना त्यांनी माझा नंबर दिला. फोनवर बोलणं शक्य नव्हतं, म्हणून मागच्या महिन्यात मी त्यांना पत्र टाकलं:

‘ती. भाऊंना सा. न.

तुमच्या शाळांचे फोन मला येतात. मी आधी टिक हटवायला लावतो आणि पैसे भरून होईपर्यंत फोन ठेवत नाही. गेल्या आठवड्यात आपल्या बरगीच्या हेडमास्तरांनी माझा प्रोग्राम घेतला. वेळापत्रक भिंतीवर लागलं. बाबा बघून आले. पण पैसे भरून झाल्यावर मास्तर म्हणाले, “सब ठीक है बेटा, बस वो भाऊवाली आवाज नहीं है.”

भाऊ, मी अजून जळून राहिलो. तब्येत सांभाळा. वहिनींना नमस्कार.’