ट्रकावरची मोटार

आमच्या घरी एक मोटार आहे आणि ती सहलीला ट्रकमध्ये बसून जाते.

मोटार बुटकी, जुनी, क्रीम रंगाची. लग्न झालं तेव्हा ह्यांनी मला तिच्या पुढच्या सीटवर बसवून आबिड्सला कुल्फी खायला नेलं होतं. खिडकीतून वारा आला, माझा गजरा उडाला आणि हे चक्क हसले होते! (फार हसत नाहीत.) तसं पुन्हा एकदा बसायची मला किती इच्छा! पण पुढे मोटार मौल्यवान झाली आणि मी होते तशीच राहिले.

ह्यांचे जुन्या मोटारीवाले मित्र सहलीला अनंतगिरीच्या डोंगरावर तंबू ठोकून राहतात. आमची मोटार घाटात उकळते, म्हणून तिला ट्रक. आम्ही आपले केबिनमध्ये!

मागच्या आषाढात गौलीगुड्याहून निघताना हे चहाला गेले. मी ट्रकवर चढून मोटारीला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, दृष्ट लागू नये म्हणून कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या. कुणी बघत नव्हतं. म्हटलं, घडीभर बसावं. पुढच्या सीटवर!

तेवढ्यात ह्यांनी ट्रकच्या ड्रायव्हरला हाक मारली. “यादगिरी, फळ्या लाव!”

सीट दबते म्हणून हे ओरडतील, या भीतीने मी खाली वाकले. दोन्ही बाजूंच्या फळ्या लागल्या आणि मोटारीची दारं उघडेनात. पुढे मुलाची, बाळूची, गाडी निघून गेली. ह्यांना वाटलं, मी मुलाकडे. मुलाला वाटलं, मी ह्यांच्याकडे. ट्रक सुटला!

हाक मारायची, तर रस्त्यावर एवढी माणसं! लाज वाटली.

लंगर हौजला बोनालूची, देवीच्या जत्रेची गर्दी. माळा, कडुलिंब, हळद आणि आत कपाळभर कुंकवाची मी!

“अम्मवारु! अम्मवारु!” कुणीतरी ओरडलं. बायका हात जोडू लागल्या. ट्रक थांबवा म्हणून मी हात वर केला, तर सगळ्यांना आशीर्वाद मिळाला! चाकापुढे नारळ फुटला. एक म्हातारी म्हणाली, “अम्मा, मेरे पोट्टे की शादी करा दे!”

(मी मान हलवली. काय करणार?)

यादगिरी खाली उतरला. “साब! गाडी में देवी बैठके है!”

हे फळीवर चढले आणि काचेला नाक लावून बघत राहिले.

“अगं, तू? तू बाळूच्या गाडीत होतीस ना?”

“नव्हते.”

“मग ओरडायचं नाही का?”

“एवढ्या लोकांत कसं ओरडू?”

गर्दीत फळ्या काढायला जागा नव्हती. मागून पोलीस शिट्ट्या मारत होता. “चलो, चलो, जुलूस आ रा!” मी काच खाली केली, हे घाईने खिडकीतून आत शिरायला गेले आणि पोटाशी अडकले. भक्तांनी पाय धरून ढकललं. “देवी बुला ली उनकू!”

आणि हे थेट माझ्या मांडीत! मग सरकत सरकत स्टिअरिंगमागे बसले. मी काच पुन्हा वर केली आणि ट्रक निघाला.

मग ह्यांनी हळूच स्टिअरिंग धरलं. वळण आलं की फिरवायचे. एका म्हशीला हॉर्नसुद्धा दिला!

“काच खाली करू का?” ह्यांनी विचारलं.

वारा आला. हे हसले. अगदी तसेच! वाटलं, अनंतगिरी येऊच नये. हा ट्रक असाच पुढे जात राहावा.

पण घाट सुरू झाला. इंजिन बंद, चाकं दोरीने बांधलेली, तरी मला गाडी लागली! जिच्यासाठी एवढी वर्षं झुरले, त्याच सीटवर सकाळचा सगळा उपमा बाहेर आला.

हे अजून सीट पुसताहेत आणि मी रोज विचारते, “अहो, पुढची सहल कधी?”