कमानीखालची जागा

आमच्या डोंगरातल्या जुन्या दगडी पुलाला तीन कमानी आहेत. पुरानं त्यातल्या दोन खिळखिळ्या केल्या. मधली मिस्त्रींनी नव्यानं बांधली. चुन्यात, जुनेच दगड वापरून.

मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. तरी ते माझे मित्र. दगड घडवताना ते बोलायचे, मी शेजारी बसून ऐकायचो.

कमान लाकडी साच्यावर उभी करतात. साचा काढायच्या दिवशी बांधणाऱ्यानं तिच्याखाली उभं राहायचं, ही त्यांच्या धंद्यातली रीत. त्यांचे वडील उभे राहिले, आजोबा उभे राहिले. त्याची कुणी बढाई मारत नाही.

मिस्त्रीही उभे राहिले. कामगारांनी पहिली पाचर ठोकून काढली. वर कुठंतरी कट्ट झालं. चिमूटभर चुना खाली पडला. दगड बसताना असा आवाज होतोच, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

आणि मिस्त्री पळाले. एक चप्पल तिथंच राहिली.

"मिस्त्री, दूध उतू गेलं काय घरी?" काठावरून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

काकू पलीकडे चुना चाळत होत्या. त्यांनी चाळणी ठेवली, हात झटकले आणि चालत जाऊन नवऱ्याच्या जागी उभ्या राहिल्या.

"काढा रे," त्या कामगारांना म्हणाल्या. "भांडी घासायची पडलीत माझी."

हसणं थांबलं. साचा निघाला. कमान जागची हलली नाही. मिस्त्री काठावर एका पायात चप्पल घालून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पुलाच्या कामाचे मुकादम आधीच स्वयंपाकघरात बसले होते.

"उरलेली कमानही तुम्हीच करायची," ते म्हणाले. "असं काम दुसरं कोण करणार?"

"बघा कुणीतरी," मिस्त्री भिंतीकडे बघत म्हणाले.

"उद्या सांगा," म्हणून मुकादम उठले.

ते गेल्यावर मिस्त्री पुटपुटले, "कमान पडली असती, तर निदान पळालो ते बरोबर ठरलं असतं."

"मी खाली होते," काकू म्हणाल्या.

आपण काय बोललो ते मिस्त्रींना तेव्हा कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काकूंनी भांडं घासून पालथं घातलं. मग दुसरं घेतलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "हो म्हणा त्यांना. तुम्ही बांधा, उभी मी राहीन. गार असतं तिथं, बरं वाटतं."

त्यांना नवऱ्याला हसवायचं होतं. मिस्त्रींची मान आणखी खाली गेली.

"बांधतो," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तू घरीच थांब."

"का? लाज वाटते माझी?"

"तुझी नाही." ते थांबले. "माझ्या जागी उभी राहायला तू तिथं असलीस, तर मी परत पळेन."

काकूंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.