उत्तरेकडच्या भिंतीवरची आयव्ही

जयसिंहराव भोईट्यांची बदली झाली की उषाताई आधी कुंड्या वाटून टाकायच्या आणि मग भांडी बांधायला घ्यायच्या. शिवपुरी, गुना, मुरैना, दतिया, जिथं जिथं सरकारी बंगला मिळाला तिथं त्यांनी बाग केली आणि ती भरात आली की पुढच्या साहेबांच्या बायकोच्या हवाली केली. लावायचं तेही हंगामी, शेवंती, फ्लॉक्स, फार तर गुलाब. जे वाढायला वर्षं लागतात ते आपल्यासाठी नाही, हे त्या फार लवकर शिकल्या.

लग्नाआधी त्या ग्वाल्हेरच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या होत्या. एम.एस्सी.ला प्रवेशही मिळाला होता. पण भोईटे म्हणजे जुनं शिलेदार घराणं. "आमच्याकडे सुनांनी नोकरी करायची नसते, मग आणखी शिकून काय करायचं?" असं सासरे बैठकीतच म्हणाले आणि उषाताईंच्या वडिलांनी मान डोलावली. त्या उन्हाळ्यात जयसिंहराव त्यांना पचमढीला घेऊन गेले. तिथे एका दगडी बंगल्याची अख्खी भिंत आयव्हीच्या वेलीनं झाकलेली होती. उषाताई फाटकापाशी थांबल्या. एक पान हातात घेतलं. पाच टोकांचं, गडद हिरवं, त्यात फिकट शिरा.

"चल ना, पाला काय बघतेस," जयसिंहराव म्हणाले.

जयसिंहराव इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि ग्वाल्हेरात थाटीपूरला त्यांनी घर बांधलं. आता बदली होणार नव्हती. उषाताई पडावाजवळच्या एका नर्सरीत गेल्या आणि आयव्ही मागितली.

"ये पहाड़ की चीज़ है, भाभीजी," नर्सरीवाला म्हणाला. "यहाँ की लू नहीं झेलेगी. छिपकली बेल ले जाइए, कहीं भी चढ़ जाएगी."

छिपकली बेल त्यांना नको होती. ती झपाट्यानं चढते, पण जुनी झाली की फांद्या जाड होतात आणि भिंत सोडून पुढे लोंबतात. तिथे पांढऱ्या कडांची आयव्हीही होती. दिसायला देखणी, पण पानाचा पांढरा भाग उन्हात आधी करपतो. उषाताईंनी साध्या हिरव्या, लहान पानांची निवडली.

"भिंत खराब करशील," जयसिंहराव घरी म्हणाले. "सरकारी बंगला नाही हा. माझ्या पैशाचं घर आहे."

उषाताईंनी गवंडी बोलावून भिंतीच्या भेगा आधी भरून घेतल्या. पहिली रोपं त्यांनी पूर्वेच्या भिंतीशी लावली. मे महिन्यात ती काळी पडली. दुसऱ्या वर्षी भीतीपोटी पाणी जास्त झालं आणि मुळं कुजली. तिसऱ्या वेळी त्यांनी एका रोपाचे तुकडे करून थंडीत वाळूत लावले, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या आणि मुळं धरल्यावर घराच्या उत्तरेला नेले. तिथे कडुनिंबाची सावली होती आणि शेजारीच कूलर असल्यामुळे भर उन्हाळ्यातही हवेत ओलावा असायचा. मुळांवर त्या वाळक्या पानांचा थर देत. लूचे गरम वारे सुरू झाले की संध्याकाळी प्रत्येक पान उलटं करून खालून पाणी मारत, कारण कोरड्या हवेत तिथेच बारीक लाल कोळ्याची कीड लागते. एवढं करूनही पहिली दोन वर्षं वेल गुडघ्याच्या वर गेली नाही.

"झाली का तुझी पचमढी?" जयसिंहराव विचारायचे आणि हसायचे.

मग ती चढली. एकदा दगड धरल्यावर थांबलीच नाही. काही वर्षांत गच्चीपर्यंतची भिंत हिरवी झाली. रस्त्यानं जाणारे स्कूटर थांबवून बघू लागले. सून गरिमा तिथे उभी राहून फोटो काढायची. "आई, मतलब पूरी दीवार! एकदम हिल स्टेशन वाटतं," ती म्हणायची. पाहुणे आले की जयसिंहराव त्यांना घराच्या मागे नेऊ लागले. आधी ते म्हणायचे, "आमच्याकडची आयव्ही." मग म्हणू लागले, "माझी आयव्ही." उषाताईंना तो बदल कळला. पण बोलायचं तरी काय? घर त्यांचं, भिंत त्यांची.

एका हिवाळ्यात शहरातल्या एका उद्यान मंडळानं घरगुती बागांची स्पर्धा ठेवली. जयसिंहरावांनी नाव दिलं ते स्वतःचं. परीक्षक म्हणून मुकुंदराव आले. ते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते.

"ग्वाल्हेरच्या उन्हात आयव्ही? टिकवलीत कशी?" त्यांनी विचारलं.

"दिशा," जयसिंहराव म्हणाले. "मी पहिल्यापासून ठरवलं होतं, उत्तरेचीच भिंत घ्यायची. इंजिनिअर माणूस आहे मी."

उषाताई चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या होत्या.

"आणि खत?"

जयसिंहराव अडले.

"शेणखत," उषाताई म्हणाल्या. "पण थंडी सरताना. उन्हाळ्यात दिलं तर कोवळी पानं फुटतात आणि ती..."

"हो, हो, मीच सांगितलंय हे हिला," जयसिंहराव हसून म्हणाले. "अगं, बिस्किटं राहिली ना आत."

मुकुंदरावांनी एकदा उषाताईंकडे पाहिलं आणि चहा उचलला.

पहिलं बक्षीस मिळालं. इंदरगंजातल्या सभागृहात समारंभ होता आणि विजेत्यानं चार शब्द बोलायचे होते. सकाळी नाश्त्याला जयसिंहरावांनी विचारलं, "काय काय सांगायचं गं? जरा मुद्दे दे." उषाताईंनी पोहे वाढता वाढता सगळं सांगितलं: जात कशी निवडली, वाळूत रोपं कशी केली, कोळी कसा ओळखायचा. का सांगितलं, ते त्यांना पुढे कधीच उमगलं नाही. कदाचित शेवटी तरी आपलं नाव येईल असं वाटलं असेल. संध्याकाळी त्या खुर्चीत बसून ऐकत राहिल्या. "मी दोन वेळा हरलो," जयसिंहराव माइकवर म्हणाले, "पण हार मानली नाही." टाळ्या पडल्या. शेवटी त्यांनी घरच्यांचे आभार मानले, वेळेवर चहा मिळतो म्हणून. लोक हसले.

"बाबांनी काय बोललं यार!" गाडीत मुलगा समरजीत म्हणाला. गरिमा खिडकीबाहेर बघत होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी सगळे कूलर लावून झोपले होते. उषाताई छाटणीची करवत घेऊन मागे गेल्या. वाळक्या पानांचा थर बाजूला केला. खोडं अंगठ्याएवढी जाड झाली होती. त्यांनी ती जमिनीलगत, थराखाली झाकली जातील अशी एकेक करून कापली. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, आलं नाही. उलट पहिल्यांदाच त्या भिंतीसमोर आपण कुणाला विचारून काही करत नाही आहोत, एवढंच जाणवलं. पानांचा थर पुन्हा सारखा केला आणि हात धुतले. चिकामुळे मनगटांवर पुरळ आलं, आठवडाभर खाजत राहिलं. घरात कुणी विचारलं नाही.

वेल हळूहळू गेली. आधी चमक उतरली, मग पानं मरगळली, मग भिंत तपकिरी झाली. जयसिंहराव सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभे राहायचे. भाषणात सांगितलेलं सगळं करून पाहिलं. मग लोक भेटायला येऊ लागले. शेजारचे गोपाळकृष्ण आले, मंडळाचे लोक आले.

"एवढ्या वर्षांची मेहनत तुमची," गोपाळकृष्ण म्हणाले.

"पोटच्या पोरासारखी वाढवली होती," जयसिंहराव म्हणाले आणि त्यांचा आवाज खरोखरच कापला. "या वर्षीची लू फार वाईट."

उषाताई सरबत देत होत्या. ट्रे टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "लू नाही. मी कापली ती."

 जयसिंहरावांनी नकारार्थी मान हलवली. "हिवाळ्यात हिनं थोडी छाटणी केली होती ना, ते मनाला लावून घेतलंय बिचारीनं. अगं, छाटणीनं अशी वेल मरत नाही."

"नाही हो भाभी, मन छोटा मत करो," मंडळातले एकजण म्हणाले.

उषाताई आत गेल्या. थोड्या वेळानं गरिमा स्वयंपाकघरात आली. ती मागे जाऊन पानांचा थर उचकून, कापलेली खोडं बघून आली होती, बोटांना माती होती.

"आई, खरंच तुम्ही... क्यों? ती तर तुमचीच होती ना."

"हे तुला माहीत होतं?"

"सबको पता है, आई."

"मग कुणीतरी म्हणायचं होतं," उषाताई म्हणाल्या. "त्या दिवशी गाडीत तरी."

गरिमानं नळाखाली हात धरले.  बाहेर जाऊन तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

पावसाळ्यानंतर जयसिंहरावांनी मजूर लावून वाळलेली वेल ओढून काढली. मुळांचे ठसे दगडात राहिले, ब्रशनं घासूनही गेले नाहीत. मग एके दिवशी ते नई सडकेच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या आयव्हीच्या जाळ्या घेऊन आले आणि भिंतीला ठोकून घेतल्या. रस्त्यावरून फरक कळत नव्हता. दिवाळीला आलेले पाहुणे गेटमधूनच म्हणाले, "अरे वा, परत उभी केलीत!" जयसिंहराव "हो" म्हणाले.

पुढच्या स्पर्धेला त्यांनी कुंड्यांतले गुलाब विकत आणून मांडले. थंडी संपायच्या आत निम्मे सुकले.

"अगं, बागेकडे लक्ष नाही तुझं हल्ली," ते एकदा जेवताना म्हणाले.

"नाही," उषाताई म्हणाल्या आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.