हिचम्

मला पसारा खपत नाही. याला मी गुण म्हणते, नवरा आजार म्हणतो. लग्न होऊन म्हैसूरला, कुवेंपुनगरातल्या या घरात आले तेव्हा महिन्याभरात सगळी कपाटं माझ्या शिस्तीत आली. एकच जागा हाती लागली नाही, हॉलमधल्या टीव्हीच्या मागची. तिथे सासऱ्यांचं राज्य होतं.

सासरे मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात वायरिंगच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी थिएटरच घरी आणलं. मोठा टीव्ही, ॲम्प्लिफायर, चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि सोफ्याशेजारी छातीत धडधड करणारा सबवूफर. या सगळ्यांच्या वायरी टीव्हीच्या मागे एकत्र येत आणि तिथे असा गुंता होता की आत घातलेला झाडू परत निघत नसे. प्रत्येक वायरीच्या टोकाला त्यांनी दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, आणि तशीच चिठ्ठी ॲम्प्लिफायरच्या पाठीवर, ती वायर जोडायच्या जागी, डिंकाने चिकटवली होती. सगळ्या चिठ्ठ्या कानडी अक्षरांत. मी नाशिकची. अकरा वर्षांत भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकं कानडी माझ्या तोंडात बसलं, पण ती गोल गोल अक्षरं मला अजून एकसारखीच दिसतात.

गेल्या वर्षी सासरे गेले. सहा-सात महिने त्या कोपऱ्याला कुणी हात लावला नाही. मग एका शनिवारी सासूबाई नजरबादला बहिणीकडे गेल्या, नवरा कामासाठी चेन्नईला होता, आणि मी ओढणी खोचली.

दिवसभर खपले. विजेच्या वायरी एका बाजूला घेतल्या, स्पीकरच्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकत्र बांधल्या की स्पीकर गुणगुणतो, एवढं मी वाचून ठेवलं होतं. जास्तीची लांबी गुंडाळून वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. जुन्या चिठ्ठ्या कापून टाकल्या आणि देवनागरीत छापलेली लेबलं चिकटवली. ॲम्प्लिफायरच्या पाठीवरच्या तेवढ्या निघाल्या नाहीत, सासऱ्यांचा डिंक त्यांच्यासारखाच चिवट. शेवटी एक बारीक लाल-काळी वायर उरली. हॉलमधले सगळे स्पीकर वाजत होते, आणि ही भिंतीतल्या भोकात शिरून कुठे जात होती देव जाणे. बिनकामाची, असा मी निकाल दिला. भिंतीलगत कापली, भोकात पांढरं सिमेंट भरलं आणि आधीचा एक, नंतरचा एक असे दोन फोटो नवऱ्याला पाठवले.

संध्याकाळी सासूबाईंनी टीव्हीमागे वाकून पाहिलं आणि माझं तोंड भरून कौतुक केलं. मी फुगले.

सासूबाईंचा एक शब्द आहे, इरली. कानडीत म्हणजे असू दे. भाजी खारट झाली, इरली. गुडघा सुजला, इरली. घरात तीन पिढ्यांपासून मराठी आहे, पण कुरकुर गिळायची वेळ आली की त्यांना कानडीच शब्द लागतो.

तीन-चार आठवड्यांनी मला मधल्या वारी सुट्टी होती. दुपारी बघते तर टीव्ही कानठळ्या बसतील एवढा मोठा लावलेला, हॉलमध्ये कुणी नाही, आणि सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेल्या. मधेच उठून, लंगडत दारापर्यंत येत, चार वाक्यं ऐकत आणि परत जात. एवढा मोठा आवाज कशाला, म्हणून मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"आत नीट ऐकू येत नाही गं आता," त्या म्हणाल्या. "ते गेले, मागून त्यांचं हेही गेलं. इरली."

त्यांनी फळीकडे हात केला. फळीवर विणलेल्या रुमालाखाली एक लाकडी खोका होता. मी त्याला जुना रेडिओ समजून अकरा वर्षं त्याच्यावर चहाचा डबा ठेवत आले होते. तो स्पीकर होता. मी दिवसभर ऑफिसात, आणि सुट्टीला हॉलच्या दणदणाटात त्याचा बारीक आवाज वेगळा कळत नसे. रोज दुपारी काम करता करता त्या त्यावर सिनेमा ऐकत, हे मला कधी कळलंच नाही. गुडघ्यांमुळे हॉलमध्ये जाऊन बसायचं आणि पुन्हा उठायचं त्यांना झेपत नसे.

मला शरम वाटली. एरवी माझी जीभ तिखट, पण 'मीच कापली' हे दोन शब्द तिच्यावर येईनात. नवऱ्याला विचारावं तर ते फोटो आडवे येत होते. आधी वायर जोडायची, मग बोलायचं, असं मी ठरवलं. पण ॲम्प्लिफायरच्या मागे वायरी अडकवायच्या क्लिपा ढीगभर. त्यातली स्वयंपाकघराची कुठली, ते फक्त त्या चिकट चिठ्ठ्यांनाच ठाऊक.

चिठ्ठ्यांचा फोटो काढून मी शेजारच्या बाईंकडे गेले. त्या कन्नडच्या निवृत्त शिक्षिका. चष्मा लावून, पेपर तपासावा तसा त्यांनी फोटो मोठा केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. हे कन्नडच नाही, म्हणाल्या. अक्षरं सुंदर आहेत, पण शब्द सगळे चुकलेत. तरी वाचा, म्हटलं. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं: "खिडकीकडचम्. दाराकडचम्. मागचम्. हिचम्." मग मला विचारलं, शेवटचं हे एखाद्या औषधाचं नाव आहे का?

मी तो शेवटचा म् काढून टाकला आणि मला सगळं ऐकू आलं. सासऱ्यांनी मराठीच्या सवयीने अनुस्वार दिला होता, बाई तो कानडीच्या सवयीने वाचत होत्या. माणूस कानडी शाळेत शिकलेला, बोलणं मराठी, लिहिणार कोणत्या अक्षरांत? जे मी अकरा वर्षं कानडी समजत होते ती आमची मराठीच होती. बाईंना वाचता येत होतं पण कळत नव्हतं, मला कळत होतं पण वाचता येत नव्हतं.

खिडकीकडचं, दाराकडचं, मागचं. आणि हिचं.

सासऱ्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नाही. समोर असली की अगं, नसली की ही. बाकीच्या चिठ्ठ्यांवर जागा लिहिली होती. स्वयंपाकघराच्या चिठ्ठीवर माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक सुट्टी काढली. सासूबाई जेवून आडव्या झाल्यावर स्क्रूड्रायव्हरने सिमेंट उकरलं, तारा सोलून सांधा केला, टेप गुंडाळली आणि दुसरं टोक त्या चिठ्ठीखालच्या क्लिपेत अडकवलं. टीव्ही लावला. आत फळीवर कुणीतरी संवाद बोलू लागलं.

सासूबाई उठून आल्या आणि फळीशी उभ्या राहिल्या. मी एका दमात सांगून टाकलं, वायर मीच कापली होती, आई.

"गोत्तु," त्या म्हणाल्या. म्हणजे माहीत होतं. त्या शनिवारपासून माहीत होतं, आणि महिनाभर मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मग मी त्यांना ॲम्प्लिफायरकडे नेलं आणि मोबाइलची बॅटरी मागे धरली. इतक्या वर्षांत त्या टीव्हीच्या इतक्या आत कधी वाकल्याच नव्हत्या. त्याही कानडी शाळेतल्याच, त्यांनी एका फटक्यात, बरोबर वाचलं. पुन्हा वाचलं.

"मला म्हणले होते, हॉलात जागा उरली नाही म्हणून एक आत ठेवतो," त्या म्हणाल्या.

 मग सवयीने म्हटलं, कागद पिवळा पडलाय, कोपराही फाटलाय, मी याच्यावर नवीन लेबल लावून देते.

"बेड," त्या म्हणाल्या. नको. त्यांनी बोटाने चिठ्ठीचा सुटलेला कोपरा दाबून धरला.

"ते इरली."