एक हजार चाळीस

सिल्लोडच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक म्हणून मला पहिल्यांदा पाठवलं, तेव्हा मी प्रोबेशनवर होते. सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवल्यावर मिळालेली नोकरी. आपल्या हातून काही चुकलं आणि तक्रार गेली तर, हा विचार एसटी फुलंब्रीच्या पुढे गेली तरी डोक्यातून हलत नव्हता.

मला शास्त्रज्ञांच्या चरित्रांचं वेड आहे. शाळेत असल्यापासून औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ती गोळा करत आले. वर्गात धडा कंटाळवाणा झाला की मी त्यातली एखादी गोष्ट सांगते. तोंडी परीक्षेतही मी ठरवलं होतं, प्रत्येकाला एका शास्त्रज्ञाबद्दल विचारायचं. पोरं जरा मोकळी होतात, आणि खरं सांगायचं तर मीही.

प्रयोगशाळेत बारा विद्यार्थी होते. चिठ्ठ्या उचलून प्रयोग वाटले, त्यात तीन मुलींना लंबक आला. भोकं पाडलेली लोखंडी पट्टी टांगायची, झोके मोजायचे, वेळ मोजायची आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवा, हे बारावी झालेल्या कुणालाही पाठ असतं. चावीचं स्टॉपवॉच एकच चालू होतं. तिघींनी ते आळीपाळीनं वापरलं.

दोघींच्या उत्तरपत्रिका आल्या. एकीचं उत्तर नऊशे अठ्ठ्याहत्तर, दुसरीचं नऊशे ब्याऐंशी. तिसरी मुलगी मात्र वेळ संपत आली तरी पट्टीसमोरून हलेना. हिरवी ओढणी, बोटांना शाई, ओठ कोरडे पडलेले. मी जवळ गेले तर तिनं कागदावर हात ठेवला.

"काय झालं?"

"मॅडम, आकडा चुकतोय. एक हजार चाळीस येतंय."

"पुन्हा मोजून बघितलंस?"

"तीन डाव मोजलं. तेच येतंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला वाटतंय घड्याळ हळू चालतंय. पण माझंच चुकलं असंल."

मी तिला सहज विचारलं, घड्याळ नसताना झोके कुणी मोजले होते, ठाऊक आहे का. ती लगेच म्हणाली, "व्हय मॅडम, इटलीतल्या त्या शास्त्रज्ञानं. चर्चमधला दिवा हलत होता, तर मनगटाची नाडी धरून मोजलं." आणि पुढं म्हणाली, "मी पण आत्ता धरून बघितली. पण माझी नाडीच धावतीय. त्यांची परीक्षा नसंल त्या दिवशी."

मला हसू आलं, पण ते लगेच विरलं. मी मनगटावरचं घड्याळ काढून स्टॉपवॉचशेजारी ठेवलं. माझ्या घड्याळात पूर्ण मिनिट झालं तेव्हा स्टॉपवॉचचा काटा अठ्ठावन्नच्या जरासा पुढं होता. पुन्हा बघितलं. तेच.

वेळ कमी मोजली गेली की हा आकडा फुगतो, म्हणजे त्या घड्याळानं मोजलं तर उत्तर एक हजार चाळीसच यायला हवं होतं. बाकी दोघींनी त्याच घड्याळानं नऊशे ऐंशी आणलं कुठून, हे मला विचारायची गरज नव्हती. मला ते नीट माहीत होतं. माझ्या स्वतःच्या परीक्षेत मी आधी उत्तर लिहिलं होतं, आणि मग उलटं गणित करून रीडिंग भरली होती. पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

तिथल्या विभागाचे सर माझ्यासोबत आतले परीक्षक होते. निवृत्तीला आलेले, साधे गृहस्थ. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला.

"लई जुनं घड्याळ आहे मॅडम. नवीन मागून मागून थकलो. तुम्ही असं करा, हिला घ्या समजून, मार्क द्या आणि सोडा. बाकीच्यांचं काढत बसलो तर सगळ्या बॅचचं निघंल. तुमच्याही मागं झेंगट लागंल."

शेवटचं वाक्य त्यांनी काळजीनं म्हटलं होतं, धमकी म्हणून नाही. पण मला माझं प्रोबेशन आठवलं ते त्यानंच.

तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. त्याचा आकडा किंचित कमी आला होता. त्याच्यानंतर मोजणाऱ्यांना जास्त आकडा यायचा, तेव्हा त्यांना वाटायचं आपलंच चुकलं. मग ते चूक शोधत बसायचे. जवळचा आकडा आला की मात्र कुणी काही शोधायचं नाही. त्यामुळं खरा आकडा एकदम आलाच नाही, वर्षानुवर्षं भीत भीत वर सरकत गेला. गोष्ट संपवताना मी पोरांना म्हणायचे, "बघा, एवढी मोठी माणसं, पण मोठ्या नावाला भ्याली." म्हणताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं.

आता सर माझ्या उत्तराची वाट बघत होते.

शेवटी मी त्या दोघींना बोलावलं. रागावले नाही. माझं घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "अर्धा तास देते. याच्यावर पुन्हा मोजा. येईल तो आकडा लिहा, कसाही आला तरी." एकीचे डोळे भरून आले. दुसरी म्हणाली, "मॅडम, नापास कराल का?" मी नाही म्हटलं. तसं म्हणायचा मला अधिकार होता की नाही, तेव्हाही नक्की माहीत नव्हतं आणि आजही नाही.

त्यांचे आकडे आले नऊशे सदुसष्ट आणि नऊशे ब्याण्णव. दोन्ही चालण्यासारखे होते, आणि दोन्ही त्यांचे होते. हिरव्या ओढणीवाल्या मुलीच्या कागदावर मी लिहिलं, 'घड्याळ मागे पडते, मोजणी बरोबर,' आणि पूर्ण मार्क दिले. तिनं ते वाचलं, पण तिचा विश्वास बसेना. "म्हंजे एक हजार चाळीस खोडू नको ना?" असं तिनं दारातून पुन्हा येऊन विचारलं.

"खोडू नकोस," मी म्हटलं.

उरलेल्या नऊ जणांचं मी काही तपासलं नाही. तेवढं धैर्य त्या दिवशी उरलं नव्हतं. सरांनी सह्या केल्या आणि ते मला बसस्टँडवर सोडायला आले. वाटेत त्यांनी मक्याच्या भावाबद्दल बोलणं काढलं, मीही हो हो करत राहिले.

पुढचे दोन महिने अनोळखी नंबरचा फोन वाजला की मला तो उचलायची भीती वाटायची. विद्यापीठाचा असेल, पुन्हा परीक्षा कशी घेतली म्हणून विचारतील, प्रोबेशन लांबवतील. तसं काहीच झालं नाही. निकाल लागला. कुणी तक्रार केली नाही. यथावकाश मी कायम झाले.

पुढच्या वर्षी नेमणुकांची यादी लागली, त्यात मला दुसरंच कॉलेज मिळालं होतं. नेहमीची अदलाबदल असेल किंवा सरांनी नको म्हणून कळवलं असेल, मी विचारलं नाही. ती यादी बघून मला हायसं वाटलं होतं, हे मात्र आठवतं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.